कारभाराचा पडदा आणि कामगाराचा अंगठा



चिटणीसांनी आम्हांला विषय विचारला तेव्हा आम्ही ‘संगणकावरील कारभाराचा पडदा’ असे सांगितले आणि ते थोडे घुटमळले. कामगार चळवळीचा इतिहास किंवा नवे कामगार कायदे असे काही तरी आमच्याकडून येईल अशी त्यांची अपेक्षा असावी. शिवाय ‘पडदा’ म्हटला की आपल्या गावाला नाटकाचा पडदा आधी आठवतो. पण गेली काही वर्षे युनियनच्या कचेरीत जी भांडणे येतात, त्यांतील बरीचशी एखाद्या पडद्यापाशी येऊन थांबतात. पूर्वी कामगाराचे बोट यंत्रात सापडत असे. त्यासाठी जाळी बसवा, झडप बसवा म्हणून आम्ही भांडलो. आता त्याचा अंगठा मोबाइलच्या काचेवर चुकतो. रक्त येत नाही, म्हणून ती इजा आहे हे कोणी मानत नाही.

प्रथम हा पडदा म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. आपण बँकेच्या किंवा रेल्वेच्या तिकिटाच्या ज्या पडद्यावर बोट ठेवतो तो पुढचा पडदा. तो गिऱ्हाइकासाठी असतो, रंगीत, गुळगुळीत. त्याच्यामागे दुसरा पडदा असतो. बँकेतला कारकून, नगरपालिकेचा पाणीपट्टी लिहिणारा, कारखान्याच्या टाइम-ऑफिसातला हजेरीनवीस हे सारे त्या मागच्या पडद्यावर काम करतात. कोणाचे खाते चालू ठेवायचे, कोणाचे बंद करायचे, कोणाला किती पैसे पाठवायचे, हे तिथे ठरते. त्याला इंग्रजीत ‘डॅशबोर्ड’ म्हणतात. मौज अशी की मूळचा डॅशबोर्ड ही घोडागाडीच्या पुढची फळी. घोड्याच्या टापांनी उडालेला चिखल बसणाऱ्याच्या अंगावर येऊ नये एवढ्यासाठी ती ठोकलेली असे. पुढे मोटारी आल्या, फळीवर काटे आणि तबकड्या बसल्या, आणि आता ती संगणकात शिरली. चिखल अडवण्याचे मूळचे काम मात्र वाटेत कुठे तरी राहून गेले.

पुढच्या पडद्यावर जेवढी मेहनत घेतली जाते तेवढी मागच्यावर घेतली जात नाही. याचे कारण आम्हांला अगदी साधे वाटते. पुढचा पडदा गिऱ्हाइकाला आवडला नाही तर गिऱ्हाईक दुसरीकडे जाते. मागचा पडदा विकत घेतो एक आणि वापरतो दुसरा. घेणारे साहेब तो एकदा, वातानुकूलित खोलीत, भिंतीएवढ्या मोठ्या पडद्यावर पाहतात. वापरणारा तो रोज आठ तास पाहतो, आणि न आवडला तरी त्याला दुसरीकडे जाता येत नाही. त्याला घर चालवायचे असते.

आता एक हकीकत सांगतो. कारखान्याचे आणि माणसाचे नाव सांगण्याचे कारण नाही.

बावीस वर्षे टाइम-ऑफिसात काम केलेला एक हजेरीनवीस. पूर्वी मोठ्या जाबद्यात हजेरी लिहीत असे, नंतर संगणकावर, आणि अलीकडे व्यवस्थापनाने तोच कारभार मोबाइलवरही दिलेला. दिवाळीला दहा-बारा दिवस राहिले होते. पाळी संपवून तो बसने घरी चालला असताना वरिष्ठांचा फोन आला की पॅकिंग खात्यातील नऊ बदली कामगारांची मुदत आज संपते, त्यांची नेमणूक आत्ताच बंद करा. त्याने मोबाइल उघडला, पॅकिंग खाते निवडले, नऊ नावे आली. एवढ्यात बस घाटात शिरली, रेंज गेली, परत आली आणि पान पुन्हा उघडले. पान पुन्हा उघडताना ‘पॅकिंग’ ही निवड पुसली गेली होती आणि कारखान्यातील सर्व ३१२ बदली कामगारांची यादी समोर आली होती. त्याला मात्र एका वेळी चारच नावे दिसत होती. आधीही चार दिसत होती, आताही चारच. त्याने वरच्या ‘सर्व’ या चौकटीत खूण केली आणि ‘बंद’ हे बटण दाबले. पडद्याने विचारले, ‘खात्री आहे का?’ त्याने ‘होय’ म्हटले.

दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीला फाटकावरच्या यंत्राने एकाही बदली कामगाराचे कार्ड घेतले नाही. तीन तास खाती बंद. बाहेर तीनशे माणसे उभी, आणि दिवाळीच्या तोंडावर आपल्याला काढले अशी सगळ्यांची समजूत. आम्ही तिथे पोहोचलो तेव्हा दगड हातात घेतलेली पोरे आम्ही स्वतः पाहिली. दुपारपर्यंत नावे परत चालू झाली. पण हजेरीनवीस निलंबित झाला. आरोपपत्रात ‘घोर निष्काळजीपणा’ असे शब्द होते, आणि त्या शब्दांची शिक्षा बडतर्फी होऊ शकते.

तो आमच्याकडे आला तेव्हा एवढेच म्हणाला, ‘‘भाऊ, बावीस वर्षांत एकाचा खाडा चुकीचा मांडला नाही. आणि हे माझ्या हातून कसं झालं ते मलाच कळत नाही.’’

आम्हांलाही कळले नाही. म्हणून आम्ही त्याला कचेरीतला तोच पडदा संगणकावर उघडून दाखवायला सांगितले, आणि शेजारी त्याचा मोबाइल ठेवला. तेव्हा भानगड ध्यानात आली. संगणकाच्या रुंद पडद्यावर प्रत्येक नावापुढे तिकीट नंबर, पाळी, खाते असे नऊ रकाने होते. वर एक पट्टी होती. तिच्यावर ‘खाते : पॅकिंग, निवडलेले : ९’ असे स्पष्ट लिहून येत असे. मोबाइलवर जागा पुरत नाही म्हणून करणाऱ्याने ती पट्टी काढून टाकली होती आणि तिच्या जागी नरसाळ्याचे एक लहानसे चित्र ठेवले होते. रकान्यांतही खात्याचा रकाना गाळला होता. म्हणजे किती माणसे निवडली आणि कोणत्या खात्यातली, ह्या ज्या दोन गोष्टी त्या क्षणी कळायला हव्या होत्या, नेमक्या त्याच दोन पडद्याआड गेल्या होत्या. कंपनीचे बोधचिन्ह मात्र वर ठसठशीत होते.

ह्या प्रकारच्या रचनेला ‘रिस्पॉन्सिव्ह’ म्हणतात. पडद्याच्या मापाला प्रतिसाद देणारी रचना असा त्याचा अर्थ. एथन मार्कोट या अमेरिकन रचनाकाराने २०१० साली एका लेखात हे नाव दिले. त्याच्या आधी मोठ्या संगणकासाठी एक पान आणि मोबाइलसाठी दुसरे, असे दोन संसार मांडले जात. मार्कोटचे म्हणणे असे की पान एकच ठेवावे. त्याची मापे इंचात न बांधता हिश्शांत बांधावी, म्हणजे अर्धा भाग, तिसरा भाग अशी. चित्रेही त्याबरोबर लहानमोठी व्हावीत. आणि पडदा अमुक रुंदीपेक्षा अरुंद झाला तर मांडणी बदल, असा हुकूम पानातच लिहून ठेवावा. कल्पना चांगली आहे, तिच्याविरुद्ध आमची तक्रार नाही. एस्टी स्टँडावर भिंतीएवढा वेळापत्रकाचा फलक असतो आणि तीच माहिती खिशातल्या पुस्तिकेतही मावते. पण पुस्तिका करणाऱ्याने जागा वाचवण्यासाठी गावांची नावे ठेवून वेळा गाळल्या, तर त्या पुस्तिकेला काय म्हणाल?

वर्तमानपत्रासारखे वाचायचे पान असेल तर ते अरुंद करणे सोपे. दोन रकान्यांचा एक करायचा आणि मजकूर खाली वाहू द्यायचा. कारभाराचा पडदा हा कोष्टकांचा असतो, आणि कोष्टक अरुंद होत नाही. मग करणारा काय करतो? एक तर अक्षर बारीक करतो. नाही तर कोष्टक आडवे सरकू देतो. आणि सरकले की नाव डावीकडे नाहीसे होते व रक्कम दिसते, पण ती कोणाची हे दिसत नाही. नाही तर रकाने गाळतो. आणि चौथा उपाय म्हणजे प्रत्येक ओळीची एक चिठ्ठी करणे : वर नाव, खाली नंबर, खाते, रक्कम. चिठ्ठ्या वाचायला सोप्या, पण मग दोन माणसांची तुलना करता येत नाही, आणि पगारपत्रक तपासणाऱ्याचे सगळे काम तुलनेचेच असते. जागतिक वेबचे नियम करणाऱ्या संस्थेने २०१८ साली असा दंडक घातला की ३२० बिंदूंच्या अरुंद पडद्यावरही मजकूर आडवा सरकवावा लागू नये. त्याच दंडकातून कोष्टकांना मात्र सूट दिलेली आहे. म्हणजे जिथे अडचण सर्वांत मोठी तिथे नियम हात वर करतो. आणि तिथे काय ठेवायचे, काय गाळायचे हे ठरवायला कामाची माहिती असलेला माणूसच लागतो.

आपल्या मराठीची आणखी एक अडचण. रोमन अक्षरे धरून आखलेल्या ओळीत देवनागरी घातली की वरची वेलांटी आणि खालचा उकार कापला जातो. शिवाय नाव लांब झाले की पडदा ते तोडून पुढे तीन टिंबे देतो. आमच्याकडे एकाच खात्यात एकाच नावाचे आणि एकाच वडिलांच्या नावाचे दोन कामगार होते. फरक फक्त आडनावात. पडद्यावर आडनाव शेवटी, म्हणून तीन टिंबे आडनावाच्या जागी. दोघांपैकी एकाच्या रजा दुसऱ्याच्या खात्यावर चार महिने पडत होत्या.

आता अंगठ्याकडे येऊ. पॉल फिट्स नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली मोजून दाखवले की हात एखाद्या ठिकाणी नेमका पोहोचायला लागणारा वेळ दोन गोष्टींवर अवलंबून असतो : ते ठिकाण किती लांब आणि किती रुंद. लहान आणि दूरच्या ठिकाणावर घाईने हात नेला तर तो चुकतो. हा नियम संगणकासाठी शोधलेला नव्हता, पण आज मोबाइलच्या प्रत्येक बटणाला तो लागू आहे. गुगलची शिफारस आहे की बटण ४८ मापांचे असावे, म्हणजे प्रत्यक्षात सुमारे ९ मिलिमीटर. २०२३ च्या जागतिक नियमांत २४ बिंदूंची किमान मर्यादा घातलेली आहे. हे झाले नियम. प्रत्यक्षात ‘मंजूर’ आणि ‘नामंजूर’ ही दोन बटणे एकमेकांना चिकटून, एक हिरवे आणि एक लाल, अशी आम्ही कितीदा तरी पाहिली आहेत. ज्यांना लाल-हिरव्यातला भेद नीट कळत नाही अशी माणसे प्रत्येक मोठ्या कारखान्यात असतात, आणि नोकरी जाईल म्हणून ती तसे सांगत नाहीत. तेल लागलेला अंगठा, उन्हात फिका पडलेला पडदा, चाळिशी घरी राहिलेली, हे सारे नित्याचे. आखणाऱ्याच्या टेबलावर यातले काही नसते.

वेळेचीही गोष्ट आहे. १९६८ साली रॉबर्ट मिलर यांनी आणि पुढे १९९३ साली याकोब नीलसन यांनी जो हिशेब मांडला तो असा : यंत्राने सेकंदाच्या दहाव्या भागात उत्तर दिले तर ते तत्काळ वाटते, एका सेकंदापर्यंत विचाराची साखळी तुटत नाही, दहा सेकंदांच्या पुढे माणसाचे लक्ष उडते. बटण दाबले आणि पडदा गप्प राहिला तर माणूस काय करतो? पुन्हा दाबतो. लिफ्टचे बटण आपण सगळेच पुन्हा पुन्हा दाबतो. पण पैसे पाठवण्याचे बटण दोनदा दाबले गेले तर पैसे दोनदा जाऊ शकतात, आणि मग वसुली कारकुनाच्या पगारातून.

पडदा गप्प राहण्यापेक्षा वाईट म्हणजे पडदा खोटे बोलणे. याचे उदाहरण अमेरिकेतील पेनसिल्व्हानिया संस्थानातले, थ्री माइल आयलंडच्या अणुवीज केंद्रातले. २८ मार्च १९७९, पहाटे चारची वेळ. दाब वाढल्यामुळे एक झडप उघडली. दाब उतरल्यावर ती मिटायला हवी होती, ती अडकून उघडीच राहिली. फलकावरचा दिवा मात्र विझला, आणि दिवा विझला म्हणजे झडप मिटली असे पाळीवरच्या कामगारांनी धरले. वास्तविक तो दिवा झडपेला जोडलेलाच नव्हता. झडपेला ‘मिट’ असा हुकूम गेला की तो विझत असे. झडपेने तो ऐकला की नाही याच्याशी त्याला कर्तव्य नव्हते. दोन तासांहून अधिक वेळ थंड करणारे पाणी निघून जात राहिले आणि गाभ्याचा मोठा भाग वितळला. त्या वेळी शंभरावर धोक्याच्या सूचना एकदम वाजत-चमकत होत्या, आणि त्या टिपणारे छपाईचे यंत्र इतके मागे पडले होते की कागदावर येणारी बातमी केव्हाच शिळी झालेली असे. एका महत्त्वाच्या दिव्यावर दुरुस्तीची चिठ्ठी लोंबत होती. खरी बातमी देणारा एक काटा फलकाच्या पाठीमागे होता. राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी चौकशी आयोग नेमला. त्याचे अध्यक्ष जॉन केमेनी, म्हणजे ‘बेसिक’ ही संगणकाची भाषा ज्या दोघांनी केली त्यांपैकी एक. माणसे चुकली हे आयोगाने नाकारले नाही, पण त्यांच्या शिक्षणाकडे आणि त्या खोलीच्या रचनेकडेही बोट दाखवले.

त्या दिव्याचे भाऊबंद आज प्रत्येक मोबाइलवर आहेत. ‘जतन झाले’ अशी अक्षरे येतात आणि माहिती मोबाइलमध्येच अडकलेली असते, कारण रेंज नाही. हुकूम सुटला आणि काम झाले या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे पडद्याने वेगळ्या शब्दांत सांगितलेच पाहिजे.

‘खात्री आहे का?’ ह्या प्रश्नाविषयीही बोलले पाहिजे, कारण आमच्या हजेरीनवीसाविरुद्धचा मोठा पुरावा तोच होता. यंत्राने विचारले होते, यानेच ‘होय’ म्हटले! १३ जानेवारी २०१८ च्या सकाळी आठ वाजून सात मिनिटांनी हवाई बेटांवरच्या लोकांच्या मोबाइलवर क्षेपणास्त्र येत असल्याचा इशारा आला. तो खोटा होता. तो मागे घेणारा संदेश पोहोचायला ३८ मिनिटे लागली. तोवर लोकांनी पोरांना तळघरात आणि गटारात उतरवले. प्रथम जगभर बातमी पसरली की कर्मचाऱ्याने यादीतली चुकीची ओळ दाबली. पुढे चौकशीत निघाले की तो सराव आहे हे त्याला उमगलेच नव्हते, हल्ला खरा आहे असे समजून त्याने इशारा सोडला. पण पडद्याविषयी चौकशीत जे आले ते आम्हांला अधिक महत्त्वाचे वाटते. सराव असो की खरा इशारा, खात्री विचारणाऱ्या चौकटीतले शब्द तेच होते. आणि इशारा चुकला तर तो चुकला असे सांगणारा मजकूर तयारच ठेवलेला नव्हता.

दुसरे उदाहरण पैशाचे. ऑगस्ट २०२० मध्ये सिटीबँकेला एका सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीच्या सावकारांना सुमारे ७८ लाख डॉलर व्याज पाठवायचे होते. गेले जवळजवळ ९० कोटी डॉलर, आणि तेही बँकेचे स्वतःचे. मुद्दल बाहेर जाऊ नये यासाठी पडद्यावर तीन चौकटी भरायच्या होत्या. भरली गेली एकच, कारण तिचे नावच ‘मुद्दल’ असे होते आणि इतर दोन नावांवरून काही बोध होत नव्हता. एकाने भरायचे, दुसऱ्याने तपासायचे, तिसऱ्याने मंजूर करायचे असा सहा डोळ्यांचा नियम होता. तिघांनीही ते पाहिले आणि तिघांनाही ते बरोबर वाटले. पहिले दोघे भारतात बसून काम करणारे कंत्राटी कर्मचारी होते, आणि ती आज्ञावली ज्या कंपनीत घडली तिचे मूळही आपल्या मुंबईचेच. यंत्राने इशारा दिला होता, पण पैसे बँकेबाहेर जातील एवढाच. किती जातील हे त्यात नव्हते. खटला न्यूयॉर्कच्या न्यायालयात गेला. २०२१ मध्ये बँक हरली, २०२२ मध्ये अपिलात जिंकली. सहा डोळ्यांऐवजी साठ ठेवले असते तरी त्याच पडद्याकडे पाहून काय निराळे दिसणार होते?

आता कोणी म्हणेल, हा विषय इंजिनिअरांचा. युनियनने यात का पडावे? आम्हीही प्रथम असेच समजत होतो. पुस्तके मिळवून, अडलेले शब्द मुलांना विचारून वाचू लागलो तेव्हा कळले की युनियन यात पन्नास वर्षांपूर्वीच पडलेली आहे. नॉर्वेमध्ये क्रिस्तेन न्यूगार नावाचा गणिती होता. आज जगातील बहुतेक आज्ञावल्या ज्या पद्धतीने लिहिल्या जातात तिचा पाया त्याने आणि ओले-योहान दाल यांनी घातला. पुढे त्यासाठी संगणकक्षेत्रातील सर्वोच्च मान, ट्युरिंग पुरस्कार, दोघांना मिळाला. हा माणूस १९७१ च्या सुमारास तिथल्या लोखंड व धातू कामगारांच्या युनियनबरोबर कामाला लागला. कारखान्यात येणारी संगणक-व्यवस्था कामगारांनी स्वतः समजून घ्यावी, तिच्यावर मत द्यावे, आणि ते मत करारात उतरावे, हा उद्देश. त्यातून १९७५ मध्ये देशपातळीवरचा करार झाला.

स्वीडनमध्ये १९८१ पासून छापखान्यांतील कामगारांच्या युनियनने संशोधकांबरोबर ‘युटोपिया’ नावाचा प्रकल्प केला. वर्तमानपत्राची पाने खिळ्यांऐवजी संगणकावर जुळवण्याचे दिवस आले होते. तसा संगणक हातात नव्हता, म्हणून त्यांनी पुठ्ठ्याचा आणि लाकडाचा संगणक केला. कागदाचा पडदा लावायचा, जुळाऱ्याने त्यावर काम करत असल्याचे सोंग घ्यायचे, अडले की कागद बदलायचा. यंत्र विकत घेण्याआधी कामगाराने ते पुठ्ठ्यात चालवून पाहिले! आम्हांला ही गोष्ट फार आवडली. तुमच्यापैकी काहींना जुने, पेटीएवढे जाड संगणकाचे पडदे आठवत असतील. त्यांच्या कोपऱ्यावर ‘टीसीओ’ अशी चिकटपट्टी असे. आम्ही तो एखाद्या कंपनीचा छाप समजत होतो. ती स्वीडनमधील पगारदार नोकरांच्या मध्यवर्ती युनियनची खूण. १९९२ पासून त्यांनी डोळ्यांना व शरीराला कमी त्रास देणाऱ्या पडद्यांना ती द्यायला सुरुवात केली, आणि ती मिळावी म्हणून जगातले कारखानदार आपले पडदे सुधारू लागले.

आपल्याकडेही काही घडले नाही असे नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत करण्याचे आंदोलन केले. मोबाइल जुने, क्षमता अपुरी, आणि पोषणाची माहिती भरण्याचे ॲप इंग्रजीत. पोराचे वजन मराठीत मोजायचे आणि इंग्रजीत लिहायचे. त्या बायांनी मोबाइल पिशव्यांत घालून कचेरीत नेऊन ठेवले. रचनेवरची इतकी नेमकी टीका आम्ही कुठल्या ग्रंथात वाचलेली नाही.

आमच्या हजेरीनवीसाच्या चौकशीत आम्ही बचाव प्रतिनिधी होतो. व्यवस्थापनाचा साक्षीदार म्हणून आज्ञावली बनवणाऱ्या कंपनीचा एक तरुण इंजिनिअर आला. मुलगा सज्जन होता. आम्ही मोबाइल त्याच्या हातात दिला आणि विचारले, ‘‘साहेब, याच्यावर आत्ता किती माणसे निवडलेली आहेत, तेवढे सांगा.’’ त्याने पाहिले, वर सरकवले, खाली सरकवले, आणि म्हणाला, ‘‘यावरून सांगता येणार नाही.’’ ते वाक्य आम्ही नोंदीत जसेच्या तसे घालून घेतले. बडतर्फी टळली. लेखी ताकीद मात्र फायलीत राहिली. ती काढून घेण्याची आमची मागणी मान्य झाली नाही, आणि तो माणूस अजून तिच्याबद्दल बोलला की खाली पाहतो.

त्यानंतर पडदा नव्याने करायचे ठरले तेव्हा आम्ही हट्ट धरला की टाइम-ऑफिसातली माणसे बसतील तेव्हाच आराखडा होईल. कायद्याचा आधार नव्हता. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात कामगारकपात होईल अशा यंत्रसुधारणेची आगाऊ नोटीस देण्याची तरतूद होती. पण कपात न करता नुसता चावणारा पडदा त्या कायद्याला माहीत नव्हता. चर्चेनेच ते मिळवावे लागले. मग आम्ही स्वीडनची नक्कल केली. जुन्या कॅलेंडरांच्या पाठकोऱ्या बाजूचे मोबाइलच्या मापाचे तुकडे कापले आणि सहाजण रविवारी बसलो. नाव आणि तिकीट नंबर कधीही सरकून जाता कामा नयेत, यावर दोन मिनिटांत एकमत झाले. बटणावर नुसते ‘बंद’ न लिहिता ‘पॅकिंग खात्यातील ९ कामगारांची नेमणूक बंद करा’ असे पूर्ण वाक्य यावे, हे त्या हजेरीनवीसानेच सुचवले. वीसपेक्षा जास्त माणसे असतील तर आकडा हाताने लिहावा लागेल, आणि केलेले काम दहा मिनिटे परत घेता येईल, हेही ठरले. एका तरुण कारकुनाला रंगीत आलेख हवे होते. बाकीच्यांनी ते साहेबांच्या पडद्यासाठी राखून ठेवले.

एका बाबतीत मात्र आम्ही चुकलो. आमचे म्हणणे असे की नेमणूक बंद करण्याचे काम मोबाइलवर असूच नये. खिशात कचेरी आली म्हणजे आठ तासांच्या दिवसाला काय अर्थ उरला? फ्रान्सने २०१७ पासून कामाच्या वेळेबाहेर संपर्क तोडण्याचा हक्क कायद्यात आणला तो उगीच नव्हे. पण टाइम-ऑफिसातल्या एक बाई म्हणाल्या, ‘‘भाऊ, मोबाइलवर नसलं तर महिनाअखेरीला मला आठपर्यंत कचेरीत थांबावं लागेल. माझी सासू अंथरुणाला आहे. घरून दहा मिनिटांत होतं ते.’’ आम्ही निरुत्तर झालो. शेवटी मोबाइलवर ते काम ठेवले, पण पाळी संपल्यावर आलेला हुकूम दुसऱ्या दिवशी सकाळी बजावला तरी चालेल असे कलम लिहून घेतले.

नवा पडदा चालू झाला. बटणावर पूर्ण वाक्य येते, उकार-वेलांट्याही कापल्या जात नाहीत. पहिल्याच महिन्यात सव्वीस नावांसाठी आकडा लिहायची वेळ आली. हजेरीनवीसाने मराठीत २६ लिहिले. पडद्याने घेतले नाही. पुन्हा लिहिले, पुन्हा नाही. इंग्रजी आकडा घातल्यावर मुकाट्याने घेतले. त्याविषयी आम्ही कंपनीला पत्र पाठवले आहे, आणि उत्तर अजून आलेले नाही.